कंगव्यापाशी

बाटली हिरवी होती आणि तिची मान बदकासारखी वाकडी होती. जाहिरातवाल्याने तशा बऱ्याच बाटल्या स्टुडिओत आवाजाच्या मिक्सरच्या टेबलावर ओळीने मांडल्या, एकीचं झाकण फिरवून काढलं आणि खोलीतल्या प्रत्येकाने वास घेतलाच पाहिजे असा आग्रह धरला. संडास धुवायचं औषध होतं ते. बाटलीवर लिंबाचं चित्र होतं. असा वास येणारं लिंबू खरोखर झाडाला लागलं असतं, तर लोकांनी ते झाड मुळासकट उपटून जाळलं असतं.

कात्रीने वास घेतला आणि बाटली पुढे सरकवली. लिंबाच्या खाली दुसरा एक वास होता. तो तिने ताबडतोब ओळखला. जिभेच्या मुळाशी पाणी सुटलं, ते तिने गिळलं.

कात्री हे तिचं खरं नाव नव्हे. आवाज कापणं आणि जोडणं हे तिचं काम, म्हणून स्टुडिओत सगळे तिला कात्री म्हणत. भाषणातला खोकला, मुलाखतीतलं "म्हणजे कसं आहे की", बातमी वाचणाऱ्याने मध्येच घेतलेला श्वास, हे ती इतक्या बेमालूमपणे काढून टाकायची की आपण पहिल्यापासून असंच बोललो, असं बोलणाऱ्यालाही वाटायचं. जोड कुठे आहे ते कळता कामा नये, एवढीच तिच्या कामाची अट होती आणि ती पाळण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

जाहिरातवाल्यालाही स्टुडिओने एक नाव देऊन ठेवलं होतं. एसी बंद पडला, भिंतींना लावलेले गालिचे घामट वास सोडू लागले, तरी त्याच्या अंगातलं जाकीट उतरत नसे. म्हणून तो जाकीट.

जाकिटाने जाहिरात समजावून सांगितली. एक बाई हातात घासणी घेऊन संडासात शिरते. नाक मुरडते. ती खाली वाकणार एवढ्यात मागून गिटार कडाडते आणि एक आवाज ओरडतो, "हात लावू नका!" बाई दचकते, घासणी भिरकावून देते आणि बाटली उचलते. गाणं जुनंच वापरायचं होतं, फक्त शेवटची ओळ नव्याने गायची होती. हात लावू नका, नुसतं ओता.

"गाणं आठवतंय ना?" जाकिटाने विचारलं. "तुमच्या वयाच्या सगळ्यांना पाठ आहे, असं आमचा सर्व्हे सांगतो. तेव्हाची डोकं हलवणारी पोरं आता स्वतःचे संडास बाळगून आहेत."

सगळे हसले. स्टुडिओचा मालकही हसला. कात्रीने हेडफोनची वायर सोडवायला घेतली. ती मुळात गुंतलेली नव्हती.

आठवतंय का, म्हणे.

तिचे बाबा घरोघरी जाऊन झुरळं, ढेकूण, वाळवी मारायचे. पाठीवर पंप, तोंडाला फडकं. औषधाचे डबे ठेवायला वेगळी जागा नव्हती म्हणून ते मुलांच्या खोलीत राहत, किंवा खरं सांगायचं तर मुलं डब्यांच्या खोलीत राहत. भिंतीलगत छातीएवढी चळत. प्रत्येक डब्यावर बाबांनी लाल रंगाने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं : हात लावू नका. तो वास गाद्यांत होता, दप्तरात होता, पोळीच्या डब्यात होता. शाळेत त्या दोघा भावंडांना फवारा म्हणत. मोठा फवारा आणि छोटा फवारा. बाकावर शेजारी बसणारी मुलगी नाकाला रुमाल लावून बसायची आणि बाईंना त्यात काही गैर वाटत नसे.

दादाने ती कॅसेट कुणाकडून तरी गोट्यांच्या बदल्यात आणली. नाव होतं 'खिळे'. काळं कव्हर, मधोमध एक वाकलेला खिळा. चार पोरांचा बँड, कोणाचंच तोंड धड दिसत नव्हतं. दुसऱ्या बाजूचं पहिलंच गाणं लागलं आणि टेपरेकॉर्डरमधून एक माणूस घसा फाडून ओरडला, "हात लावू नका!" दोघं भावंडं डब्यांच्या चळतीकडे बघत राहिली. मग जे हसत सुटली ते आई लाटणं घेऊन येईपर्यंत. जगात कोणीतरी त्यांच्या खोलीवर गाणं केलं होतं.

गाणं मात्र हसण्याचं नव्हतं. एका मेलेल्या मित्राच्या खोलीचं होतं. चप्पल त्याची दाराशी, हात लावू नका. कंगवा त्याचा खिडकीत, हात लावू नका. दादाने नियम केला : गाणं चालू असताना खोलीतल्या कशालाही हात लावायचा नाही, हात मागे बांधून उभं राहायचं. त्या मित्राला ते कंगवेवाला म्हणत. तो उंच होता, पुढचा दात तुटलेला होता आणि त्याला कुठलाच वास येत नसे, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. ज्याला वास येत नाही असा एक मित्र त्यांना हवाच होता. तो मेलेला निघाला, त्याला इलाज नव्हता.

एकदा औषधाची पावडर टेपरेकॉर्डरमध्ये गेली आणि मशीनने नेमकी त्याच गाण्यावर फीत चावली. दादाने बाबांचं दाढीचं पातं घेतलं, चुरगळलेला तुकडा कापून टाकला आणि दोन्ही टोकं चिकटपट्टीने जोडली. तेव्हापासून गाणं कंगव्यापाशी आलं की "टक्" असा आवाज व्हायचा आणि पुढच्या ओरडण्यावर उडी मारायचं. मधल्या दोन ओळी गेल्या, आणि हळूहळू आठवणीतूनही गेल्या. थोड्याच दिवसांत दोघं त्या जागी जिभेने टक् करू लागली. मग आई. शेवटी बाबासुद्धा. बाबांना रॉक वगैरे कळत नव्हतं. चांगला उपदेश करणारं गाणं आहे, मुलांनी ऐकावं, एवढंच त्यांचं मत होतं. जेवता जेवता कंगवा आला की चौघांच्या जिभा एकदम वाजायच्या आणि वरणभात पुढे चालू व्हायचा.

कॅसेट कंपनी पुढे बुडाली. गाणी नंतर इंटरनेटवर आली असं कात्रीच्या कानावर होतं, पण तिने ती कधी उघडली नाहीत. तिला जोड नसलेलं गाणं नको होतं. कॅसेट दादाकडे होती. तो आता फ्रिज दुरुस्त करायचा आणि त्याच्या दुकानात तिच्यासाठी जुना टेपरेकॉर्डर जिवंत ठेवलेला होता.

चहाच्या सुट्टीत तिने मालकाला गाठलं आणि हे काम दुसऱ्या कोणाला द्या म्हणून सांगितलं. कारण विचारलं तर तिने सांगितलं, वास सहन होत नाही.

"बाटल्या बाहेर ठेवायला सांगतो," मालक म्हणाला.

तो वाईट माणूस नव्हता. बाटल्या खरंच बाहेर गेल्या. वास आतच राहिला.

गायक दुपारी आला. काळ्या कव्हरवर ज्याचं तोंड दिसत नव्हतं तो हाच. दिसलं नव्हतं तेच बरं होतं, असं कात्रीला वाटलं आणि त्या विचाराची तिला लाज वाटली. म्हातारपण हा काही गुन्हा नाही. पण मग त्याने खिशातून डबा काढला, त्यातून उकडलेलं अंडं काढलं, मिक्सरच्या कडेवर आपटून फोडलं आणि सोलता सोलता टरफलं बटणांच्या फटीत पाडू लागला, तेव्हा लाज संपली. केस काळेभोर रंगवलेले होते आणि घामाबरोबर रंग कानामागून कॉलरवर उतरला होता. गाण्याआधी घसा साफ करायचा म्हणून तो पाण्याची गुळणी करायचा आणि ती कुंडीत थुंकायचा. कुंडीतलं झाड प्लॅस्टिकचं होतं.

"सर, आवाजात तोच राग हवा," जाकीट काचेपलीकडून माइकवर म्हणाला. "संडासाचा राग आलाय, असं."

"राग माझा नेहमीचाच आहे," गायक म्हणाला. "'ओता'वर जोर देऊ की 'नुसतं'वर?"

'ओता'वर, असं ठरलं. तो गायला. आवाज खरंच तोच होता. हे कात्रीला सगळ्यात अश्लील वाटलं. आवाज विटलेला असता, फाटलेला असता, तर तिला हात झटकून मोकळं होता आलं असतं. पण त्या लोंबत्या गळ्यातून तोच माणूस ओरडत होता, ज्याच्यासाठी ती हात मागे बांधून उभी राहायची. आणि तो म्हणत होता, नुसतं ओता. पुन्हा एकदा. आणखी एकदा, जरा हसरं. त्याने हसरंही करून दाखवलं.

मग कापण्यासाठी जुनं मूळ रेकॉर्डिंग आलं. लहानपणी फीत कापल्यानंतर पहिल्यांदाच कात्रीने ते गाणं सलग ऐकलं. कंगवा त्याचा खिडकीत, असं म्हणून गाणं थांबलं नाही. केस त्यातले राहू द्या, तो आवाज म्हणाला. मग खाली येऊन, जवळजवळ बोलल्यासारखं : उशीला पडला खळगा, राहू द्या. आणि मग ते ओरडणं.

दादाने पात्याने कापून केराच्या टोपलीत टाकलेला तुकडा हा होता. गाणं तिला आठवत होतं त्याहून चांगलं होतं.

गायक शेजारच्या खुर्चीत बसून दुसरं अंडं सोलत होता. तिला विचारायचं नव्हतं. वर्षानुवर्षं जे दोघा भावंडांनी एकमेकांना विचारलं होतं, ते तिच्या तोंडून निसटलं.

"तो कोण होता?"

"कोण?"

"ज्याचा कंगवा. तुमचा मित्र."

गायकाने अंड्यावर मीठ भुरभुरलं आणि आठवायचा प्रयत्न केला. मग तो मनापासून हसला. पिवळा बलक दातांत अडकला होता.

"कोणी नाही हो. तेव्हा मेलेला मित्र असला की गाणं चालायचं. त्या एका कॅसेटमध्ये आम्ही तीन मारलेत. आणि कंगवा माझाच. केस तेव्हापासूनच गळायला लागलेले."

जाकिटाने टाळी दिली. हे जाहिरातीच्या कार्यक्रमात सांगायलाच हवं, असं त्याचं म्हणणं पडलं. गायकाने चिकट बोटं खुर्चीच्या हाताला पुसली आणि अर्धं अंडं कात्रीपुढे धरलं. तिने नको म्हटलं.

अशा वेळी माणसाला सवय सांभाळून घेते. कात्रीने हेडफोन लावले आणि काम सुरू केलं. गाणं अर्ध्या मिनिटात बसवायचं होतं. तिने विचार केला नाही. किळस आलेला माणूस मेलेला उंदीर उचलतो तसं तिने गाणं बोटांच्या टोकांनी उचललं, नजर जवळजवळ दुसरीकडे ठेवून. इथे काप, तिथे जोड, हे टाक, ते सरकव. हात आपोआप चालत होते. झालं तेव्हा तिने वाजवलं.

गिटार. ओरडणं. चप्पल त्याची दाराशी. कंगवा त्याचा खिडकीत.

टक्.

खोलीतल्या सगळ्यांनी वळून तिच्याकडे बघितलं. आवाज तिच्या जिभेचा होता. आणि गाणं कंगव्यावरून सरळ ओरडण्यावर उडी मारून पुढे गेलं होतं, बरोबर त्याच जागी, जिथे एका शाळकरी पोराने दाढीचं पातं चालवलं होतं.

"क्या बात है," जाकीट म्हणाला. "तो झटका. कंगवा आणि धाड. परत लावा. चप्पल, कंगवा, सगळं बाथरूमचंच सामान आहे, बघा, आपोआप जुळून आलं. आणि ते जिभेचं टक् केलंत ना, तेही घ्या. बाटलीचं झाकण उघडल्यासारखं वाटतं."

गायक मान डोलवत होता. आपल्याच दोन ओळी गेल्या आहेत हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

कात्री पडद्यावरच्या त्या जोडाकडे बघत बसली. गाणं या माणसाचं होतं, त्याने ते विकलं, त्याची मर्जी. मित्र खोटा होता. आवाजही त्याचाच, हवा तिथे ओतावा. पण हा जोड त्याचा नव्हता. तो पावडरीचा होता, पात्याचा, चिकटपट्टीचा, चार जिभांचा होता, आणि तो तिने स्वतःच्या हाताने, कोणी न मागता, संडासाच्या कडेवर नेऊन ठेवला होता. इतका वेळ तिला जाकिटाची आणि गायकाची शिसारी येत होती. आता ती तिच्या स्वतःच्या बोटांवर आली.

तिने जोड उघडला. केस परत आणले, उशी परत आणली आणि वेळ जुळवायला चप्पल काढून टाकली. आधीचं जे होतं ते कायमचं पुसून टाकलं. मग नवीन वाजवून दाखवलं.

जाकिटाचा चेहरा पडला. आधीचंच लावा, तो म्हणाला. ते राहिलं नाही, असं तिने सांगितलं. मग परत तसं करा, एवढं काय त्यात.

"होणार नाही," कात्री म्हणाली.

"मघाशी झालं ना?"

"मघाशी चुकून झालं."

उशी संडासात कशाला, जाकिटाने मालकाला विचारलं. आणि कंगव्यातले केस ऐकून बघणाऱ्याला किळस नाही का येणार? कात्रीने उत्तर दिलं की किळस आलेलीच बरी, औषध त्याचंच आहे. मालकाने तिला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं की आज तिला झालंय काय, दोन ओळींचाच तर प्रश्न आहे. तिने त्याला सांगितलं की वाटेल तिथे कापून देते, म्हणाल त्या शब्दावर, सुरुवात म्हणाल तर सुरुवात, पण कंगव्यापाशी नाही. ते हवं असेल तर खुर्ची मोकळी करून देते, दुसरं कोणीतरी बसवा. मालकाने तिच्या तोंडाकडे बघितलं. इतक्या वर्षांत तिने कधी एका शब्दावरही हुज्जत घातली नव्हती. तो परत आत गेला आणि हा जोड तांत्रिकदृष्ट्या धोक्याचा आहे, स्पीकरवर फाटतो, असं काहीतरी ठोकून दिलं.

भांडण गायकाने मिटवलं. त्याला दुसरीकडे जायचं होतं.

"अहो, दोन्ही सारखंच तर आहे," तो म्हणाला. "मला तर काही फरक दिसत नाही."

शेवटी केसांसकट आणि उशीसकट पास झालं. जाताना जाकिटाने प्रत्येकाला एक बाटली भेट दिली आणि कात्रीची बाटली जरा आपटूनच ठेवली. पुढचं काम तो दुसऱ्या स्टुडिओत करेल हे तिला कळलं. मालकालाही कळलं. तो मऊ ब्रशने बटणांतली टरफलं काढत राहिला.

तिने बाहेरच्या जिन्यावर उभं राहून दादाला फोन लावला. टीव्हीवर बघून कळण्यापेक्षा तिच्याकडून कळलेलं बरं. मागे फ्रिजची घरघर ऐकू येत होती. तिने सरळ सांगून टाकलं : 'खिळे'मधलं आपलं गाणं संडासाच्या औषधाच्या जाहिरातीत येतंय आणि ते मी कापलंय.

पलीकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज आला.

"कंगव्यापाशी?" त्याने विचारलं.

"नाही. तिथे अख्खं आहे."

"मग ठीक आहे," दादा म्हणाला. "मग ते वेगळंच गाणं झालं." थोड्या वेळाने त्याने विचारलं, "अख्खं म्हणजे? मध्ये काय आहे?"

तिने म्हणून दाखवलं. केस त्यातले राहू द्या. उशीला पडला खळगा, राहू द्या. तिकडे घरघर एकदम थांबली. त्याने बहुतेक फ्रिज बंद केला असावा.

"खळगा," दादा म्हणाला. "च्यायला. मी हे कापलं होय." मग जरा थांबून, "टिल्ले, तो गाणारा आला होता का गं तिथे? विचारलंस त्याला? कंगवेवाला कोण होता ते?"

जिन्याखाली गायक गाडीत बसत होता. त्याने दारात उभं राहून शेवटची एक गुळणी केली आणि फुटपाथवर टाकली.

"गडबडीत राहून गेलं," कात्री म्हणाली.

"हरकत नाही. उंच असणार. उशीला खळगा पडायचा म्हणजे डोकं मोठं असणार. आपण म्हणायचो तसाच."

"हो," ती म्हणाली. "तसाच."

फोन ठेवून ती आत गेली, भेट मिळालेली बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि बेसिनवर हात धुतले. हातांचा वास घेतला. लिंबू. परत धुतले. लिंबू गेलं आणि खालचा वास उरला, बाबांच्या डब्यांचा. मग तिने नळ बंद केला आणि हात न पुसताच बाहेर आली.